आमचे साडू आणि आगंतुक पंजी

रायपूरच्या मोठ्या म्युझियममधली एकही मूर्ती आमच्या थोरल्या साडूंच्या परवानगीवाचून जागेवर उभी राहू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. सरकारला तसं वाटत नाही, पण सरकार तिथे रोज जात नाही. आमचे साडू जात. डाव्या हातात छत्री, उजवा हात मोकळा आणि तोंडात एक लवंग, अशा थाटात ते तात्यापाऱ्यातल्या घरून निघत आणि दहाच्या ठोक्याला म्युझियमच्या दारात हजर होत. सोमवारी म्युझियम बंद असे, म्हणून ते घरी असत. त्या दिवशी माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती सकाळीच देवळाचं निमित्त काढून बाहेर पडे. "सहा दिवस मूर्त्या तपासतात, सातव्या दिवशी मले तपासतात," असं तिचं म्हणणं होतं.

तपासणं हा साडूंचा धंदाच होता. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत, मालगाडीचे डबे तपासण्यात गेली. लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकावर ठोकायचं, कान लावायचा, आवाज खणखणीत आला तर पुढच्या चाकाकडे जायचं आणि बोदा आला तर डब्यावर खडूनं खूण करून तो बाजूला काढायला लावायचा. अशा डब्याला रेल्वेवाले 'सिक' म्हणतात आणि चांगल्याला 'फिट'. निवृत्तीच्या दिवशी रेल्वेनं हातोडी परत घेतली, पण कान त्यांच्याकडेच राहिले. पुढचं वर्षभर त्यांनी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या, गॅसची सिलिंडरं आणि देवळाचा कळस तपासला, आणि पुढे मी रायपूरला आल्यावर माझा नवा सोफाही. सोफा सिक निघाला. मी तो दुकानात परत नेला तेव्हा दुकानदारानं कारण विचारलं, आणि 'साडूंना आवाज आवडला नाही' हे कारण हिंदीत सांगताना माझी जी अवस्था झाली ती मी विसरलेलो नाही.

ताईनं कंटाळून त्यांना म्युझियमकडे पिटाळलं. तिथे मात्र 'मूर्तियों को न छुएँ' अशी पाटी होती, आणि साडू नियमाचे पक्के. हात लावायचा नाही, छत्री टेकवायची नाही, मग तपासायचं कसं? यावर त्यांनी तोडगा काढला. ते खोकत. मधल्या दालनावर जो मोठा घुमट आहे त्याच्या बरोबर खाली उभं राहून ते तीनदा खोकत: एक आखूड, एक लांब आणि एक मान वाकडी करून. मग डोळे मिटून परत आलेला आवाज ऐकत. "खोकला म्हणजे बिनहाताची हातोडी आहे, साडभाऊ," असं ते मला सांगत. साथीचे दिवस संपून म्युझियम पुन्हा उघडलं तेव्हा सहलीला आलेली एक अख्खी शाळा, मास्तरांसकट, त्यांच्या दुसऱ्या खोकल्याला बाहेर पळाली होती. साडूंचं तिकडे लक्षही नव्हतं. "गर्दी कमी झाली का आवाज मस्त येते," एवढंच ते म्हणाले.

माझी अमरावतीहून इकडे बदली झाली, आम्ही समता कॉलनीत घर घेतलं, आणि पहिल्याच रविवारी साडूंनी संध्याकाळी सातला जेवायला बोलावलं. निरोपात मात्र यायची वेळ दुपारी एकची होती. मला वाटलं, बायकोच्या ऐकण्यात चूक झाली असेल. चूक काही नव्हती. "जेवण सातलेच आहे, पण भूक लागली पायजे ना," असं म्हणत साडूंनी मला दारातूनच वळवलं आणि म्युझियमसमोर नेऊन उन्हात उभं केलं. पहिला तासभर आत जायची परवानगी नव्हती. आधी इमारत समजून घ्यायची होती. माझं रविवारच्या झोपेवर फार प्रेम आहे, आणि ती झोप त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तरळत होती.

"हे कमान पाहून राहिले ना तुमी?" साडू म्हणाले. "याच्यातला एकूण एक गोटा खाली पडाले तयार आहे. पण बाजूचा त्याले पडू देत नाही, आन् तो बाजूच्याले पडू देत नाही. सारे एकमेकाच्या बोकांडी बसून इतकी वर्सं उभे आहेत. आपल्या घरच्या खटल्यासारखं. आन् तो वरचा, मधातला गोटा दिसते? ते मोठी सून. सारा भार तिच्यावर, आन् वर मान करून कोणी पाहत नाही." मी मान वर करून पाहिलं, डोळ्यांत धूळ गेली. हे स्थापत्यशास्त्र त्यांनी रात्री पंगतीत पुन्हा सांगितलं तेव्हा ताई पोळ्या लाटत होती. ती तिथूनच म्हणाली, "मंग त्या मधातल्या गोट्याले एखादी गरम पोळी वाढा म्हणा कोणी." साडू उठले आणि त्यांनी खरोखर वाढली, हेही सांगितलं पाहिजे.

आत गेल्यावर ताम्रपटांच्या काचेशी आम्ही पाऊण तास होतो. या भागातल्या जुन्या ताम्रपटांवरच्या अक्षरांच्या डोक्यावर बारीक चौकोनी पेट्या असतात. साडूंना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पेट्या दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी डबे मोजायला घेतले. कोणत्या ओळीत किती डबे, कोणता उघडा, कोणता बंद, कुठे दोन डबे एकमेकांना घासलेत, सगळं त्यांना पाठ होतं. "राजानं कोणाले तरी गाव दान देल्लं, इतकंच लिहिलं असते म्हणे. पण पाठवलं किती शिस्तीत, पाहा. सारे डबे लायनीत." त्या दिवशी सात वाजता मला इतकी भूक लागली होती की ताईनं काय वाढलं हे मला आजही आठवत नाही.

मूर्तींची नावं मात्र साडू पाटीवरची वापरत नसत. त्यांनी सगळ्यांना आपल्या नात्यात ओढलं होतं. मगरीवर उभी असलेली नदीदेवता ही वर्ध्याची आत्या, कारण तीही कोणावर तरी उभी राहिल्याशिवाय बोलत नाही. एका पायावर भार देऊन उभा असलेला द्वारपाल हा त्यांचा धाकटा भाऊ. आणि ढेरीवर हात ठेवून बसलेला, नाकाचा शेंडा उडालेला कुबेर म्हणजे आमचे सासरे. सासरे त्यांचे आणि माझे सामाईक असल्यामुळे मला हे ऐकताना संकोच होई, पण साम्य नाकारता येत नव्हतं. एकदा सासरे रायपूरला आले तेव्हा साडूंनी त्यांना थेट त्या कुबेरासमोर नेलं. मी शेजारच्या मूर्तीची पाटी वाचू लागलो. "मामा, हे धनाचे देव," साडू एवढंच म्हणाले. सासरे खुलले. त्यांनी कुबेराशेजारी उभं राहून, ढेरीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. तो फोटो अमरावतीच्या दिवाणखान्यात अजून आहे, आणि येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ उभा राहतो.

पण कळस झाला तो साडूंच्या पुतणीच्या वेळी. भिलाईहून मुलाकडची मंडळी मुलगी बघायला येणार होती. घरी पोह्यांची तयारी झाली, गालिचा अंथरला, आणि साडूंनी जाहीर केलं की मुलगी म्युझियममध्ये दिसेल. "घरात सारेच चांगले दिसते. माणूस मूर्तीसमोर कसा उभा राह्यते ते पाहून घेऊ," हा त्यांचा मुद्दा. मुलाची आई दालनातून दोनदा मुलीसमोरून गेली आणि तिला तिथली कर्मचारी समजून पाणी कुठे मिळेल ते विचारून आली. शेवटी मुलाच्या वडिलांनी जरा तुटकपणे मुलीची उंची विचारली. साडूंनी शेजारच्या सुरसुंदरीच्या मूर्तीकडे छत्री केली. "हिच्याहून दोन बोटं कमी. पण हिले डोकं नाही, आमच्या पोट्टीले आहे." मुलाला हसू आवरेना, त्याला हसताना पाहून मुलीला आवरेना, आणि लग्न ठरलं. पोहे आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्ले.

हे सगळं सुरळीत चालू असताना म्युझियमच्या दारात एक टेबल आलं. टेबलावर जाड रजिस्टर आलं आणि रजिस्टरमागे एक दीदी येऊन बसली. आतापर्यंत साडू आले की जुना पहारेकरी नुसता हात वर करी आणि साडू छत्री वर करीत. आता नवा नियम झाला होता: नाव लिहिल्याशिवाय आत जायचं नाही. नियम सरळ होता, दीदीही सरळ होती. घोटाळा रजिस्टरवरच्या नावात होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आगंतुक पंजी'. हिंदीत आगंतुक म्हणजे भेट द्यायला आलेला आणि पंजी म्हणजे नोंदवही. मराठीत आगंतुक कोणाला म्हणतात हे मी सांगायला नको. न बोलावता येतो, आला की हलत नाही, आणि घरातले आत जाऊन ज्याच्याबद्दल कुजबुजतात, तो.

"बाबूजी, इसमें नाम लिख दीजिए," दीदी म्हणाली.

साडूंनी चष्मा लावला, रजिस्टरचं नाव वाचलं आणि चष्मा काढला. "इसमें नहीं लिखूँगा. मैं आगंतुक नहीं हूँ."

"तो क्या हैं बाबूजी?"

साडूंनी चष्मा खिशात घातला. ते वळले आणि दारासमोरच्या बाकावर जाऊन बसले. तिथे ते सतरा दिवस बसले, सोमवार धरून, कारण धरण्याला साप्ताहिक सुटी नसते असं त्यांचं मत होतं. पण काम थांबलं नव्हतं. ते बाहेरून भिंतीला खोकत. जाळीच्या खिडकीतून मूर्तींच्या पाठी पाहत आणि नुसत्या पाठीवरून कोण ते ओळखत. आत जाणाऱ्या लोकांना कामं सांगत: "भैया, वो वराह के दाहिने पैर के पास मकड़ी का जाला है क्या, ज़रा देख के आना." लोकही येताना बिचारे सांगून जात. एक नवं जोडपं तर "बाबूजी, जाला नहीं है, लेकिन आपकी वर्धावाली बुआजी कौन-सी है वो नहीं मिली" असं म्हणून पुन्हा आत गेलं. ताईचा फोन आला. "तुमचे साडभाऊ सोमवारी बी घरी नाहीत. मले आराम आहे, पण जीव लागत नाही. तुमी जरा पाहा ना."

मी हिंदी-मराठी शब्दकोश घेऊन गेलो. माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणांत याचा नंबर बराच वर लागेल. साडूंनी शब्दकोश हातात घेतला, बोटानं ठोकून पाहिला आणि बाकावर ठेवला. "साडभाऊ, मले हिंदी तुमच्यापेक्षा जास्त येते. जिंदगीभर स्टेशनमास्तरसंग हिंदीतच भांडलो. मले अर्थ माहीत आहे."

"मग अडतंय कुठे?"

साडूंनी छत्रीचं टोक दाराकडे केलं. मग त्यांनी जे सांगितलं ते ताईलाही पूर्ण ठाऊक नव्हतं. रेल्वेत चिकटले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुलगावहून पत्र्याची पेटी घेऊन आले. ब्राह्मणपाऱ्यात लांबचे एक काका राहत, त्यांच्याकडे चार दिवस उतरायचं ठरलं होतं. पत्र बहुतेक पोचलं नव्हतं. काकांनी दार उघडलं, आणि आतून काकूंनी विचारलं, कोण आहे.

"काका मागं वळून म्हणाले, कोणी नाही, आगंतुक आहे. मी दारातच होतो, साडभाऊ. पेटी माह्या हातात होती. कोणी नाही म्हणे." साडूंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी तसाच माघारी फिरलो. कुठं जाव समजेना. चालत चालत इथं आलो, आन् या इथंच, भिंतीच्या सावलीत उभा राह्यलो. इथला म्हातारा चौकीदार छत्तीसगढी होता. म्हणे, घाम हे बाबू, भीतर आ के बइठ. मले वाटलं, मले घाम आला म्हणून राहिला. आपल्याकडं घाम म्हंजे घाम, आन् यायच्याकडं घाम म्हंजे ऊन. तो ऊन आहे म्हणत होता. दोनी खरंच होतं म्हणा." ते हसले. "बंद होईपर्यंत आत बसलो. इतक्या मूर्त्या, पण एकीनंही विचारलं नाही, तू कोण. त्या दिवसापासून हे माह्यं घर आहे. आन् आता माह्याच घराच्या दारात मी लिहून देऊ का मी आगंतुक आहे म्हणून?"

मला फार लाज वाटली. या सतरा दिवसांची गोष्ट मी ऑफिसात तीनदा सांगितली होती, खोकण्याच्या नकलेसह. मी उठलो आणि दीदीच्या टेबलाशी जाऊन, मला जमेल तशा हिंदीत, तिला सगळं सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. शेवटी नुसतं "हव" म्हणाली. छत्तीसगढीत हव म्हणजे हो, पण तिनं ते कशाला म्हटलं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडू बाकाकडे वळणार तोच तिनं हाक मारली. टेबलावर रजिस्टरशेजारी एक नवीकोरी वही होती. वहीवर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घर के लोग'. आत तीन रकाने आखले होते: नाम, आने का समय, जाने का समय. "साहब बोले हैं कि एंट्री होनी चाहिए," ती म्हणाली. "कौन-सी कॉपी में होनी चाहिए, ये तो नहीं बोले."

साडूंनी वही उघडून पाहिली, मिटून पाहिली, आणि चष्मा पुसायला जितका वेळ लागतो त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ चष्मा पुसला. मग नाव लिहिलं आणि रेल्वेच्या शिस्तीत मिनिटासकट वेळ टाकली. आत जाऊन ते घुमटाखाली तीनदा खोकले आणि डोळे मिटून उभे राहिले. "आवाज जरा बसला आहे सतरा दिवसात," ते मला म्हणाले. "होईल ठीक." त्यानंतर त्या वहीत रोज एकच नाव पडत गेलं.

गेल्या वर्षी ताईचे गुडघे गेले. मुलगा पुण्याला असतो, तो न्यायला आला. साडूंनी वाद घातला नाही, याचाच मला धक्का बसला. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं म्युझियम आहे काय?" मुलगा रायपूरचाच, त्याला मराठी सगळं समजतं पण उत्तर तो हिंदीत देतो. "बहुत हैं बाबा. जहाँ बोलोगे, घुमा लाऊँगा."

"तिथं मंग मी आगंतुकच," साडू म्हणाले, आणि पेटी भरायला उठले.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटरवर म्युझियमला सोडलं. तुम्ही बाहेरच थांबा, म्हणाले. मी त्यांच्या बाकावर बसलो. आतून तीन खोकले ऐकू आले. तासाभरानं ते बाहेर आले, टेबलाशी थांबून वहीत काही लिहिलं, दीदीकडे बघून छत्री वर केली आणि माझ्या मागे येऊन बसले. तात्यापाऱ्यात उतरताना त्यांनी माझी स्कूटर बोटानं ठोकून पाहिली आणि 'फिट' म्हणाले.

पुढच्या रविवारी मी झोपायच्या बेतात असताना पुण्याहून फोन आला. "साडभाऊ, एक काम करा. घुमटाखाली जाऊन जरा खोका." मी गेलो. भरल्या दालनात, एक हात वर करून त्यात फोन धरून, मी खोकलो. लोक दूर सरकले. "मोठ्यानं," फोन म्हणाला. "असे कारकुनासारखे काहून खोकून राहिले?" मी पोटातून खोकलो. मग मान वाकडी करून तिसऱ्यांदा. घुमटातला आवाज विरेपर्यंत मी फोन वर धरला. मग साडू हळूच म्हणाले, "ठीक आहे. बराबर आहे सारं."

बाहेर पडताना दीदीनं मला थांबवलं. तिच्या हातात ती वही होती.

"भैया, बाबूजी आखिरी दिन जाने का टाइम नहीं लिखे. कुछ लिखते-लिखते छोड़ दिए हैं. मैं हफ्ते भर से सोच रही हूँ. देखिए ना, 'ये तो'... ये तो क्या?"

मी पाहिलं. नाव होतं, यायची वेळ होती. जायच्या वेळेच्या रकान्यात, डब्यांवर खडूनं लिहायची सवय असलेल्या त्या मोठ्या, ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: 'येतो'.

"अधूरा नहीं है दीदी," मी म्हणालो. "ये एक ही शब्द है, मराठी का. हमारे यहाँ घर से निकलते समय 'जाता हूँ' नहीं बोलते. 'आता हूँ' बोलते हैं."

ती त्या शब्दाकडे पाहत राहिली. मग तिनं पानं चाळली, उरलेली कोरी पानं अंगठ्याखालून सोडून पाहिली आणि वही पुन्हा टेबलावर, रजिस्टरशेजारी, होती तिथेच ठेवली.

"तो रहने देती हूँ," ती म्हणाली. "अभी बहुत पन्ने बाकी हैं."

मीही नुसतं "हव" म्हणालो.